संत लूकाच्या दिवशी कोणाला बोलावू नये

मी, खाली सही करणारी पेर्सिदा स्तानिशिच, कै. रादोवान स्तानिशिच यांची पत्नी, वय वर्षे श्याऐंशी, धर्माने ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, पेशाने सरकारी दवाखान्याची परिचारिका (निवृत्त, पण गाव ते मानत नाही), राहणार गोर्न्या ल्येस्का, वाल्येवोच्या वरच्या अंगाला, आज पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता, माझ्या पश्चात माझ्या स्थावर-जंगम मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे लावून ठेवीत आहे. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते मी स्वतः चुलीत घातले, कारण ते लिहिताना मी गावावर चिडलेली होते आणि सगळे काही मठाला देऊन टाकले होते.

शुद्धीत असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. तो देणारा डॉक्टर नवा आहे, वाल्येवोहून येऊन-जाऊन असतो. मला खुर्चीत बसवून म्हणाला, "आजी, आज वार कोणता, सांगता येईल?" मी म्हटलं, "बुधवार. उपासाचा वार. आणि तुझ्या खिशातल्या सॉसेजचा वास येतोय." त्याने सही केली. मग मी त्याचा रक्तदाब घेतला, तर त्याचाच जास्त निघाला.

पहिला परिच्छेद नोटरीबाईंनी सांगितला तसा लिहिला. पुढेही 'सदर' आणि 'उपरोक्त' करत बसले तर शाईच्या आधी मी संपेन. तेव्हा यापुढे माझ्या भाषेत. आणि आधीच सांगून ठेवते, घर आणि भांडीकुंडी ह्यांच्यासाठी मी हा कागद करत नाहीये. ती ज्याची त्याला गेलीच असती. हा कागद आमच्या घरच्या संत लूकासाठी आहे. मी डोळे मिटले की स्तानिशिचांच्या घरात लूकाची मेणबत्ती कायमची विझणार, असं सगळं गाव धरून चाललंय. ती विझू नये, एवढीच माझी शेवटची इच्छा. पण कायद्यात आधी प्रेताचं बघायचं असतं म्हणे, म्हणून तिथून सुरुवात करते.

कलम १. आत्मा ज्याचा आहे त्याच्याकडे जाईल, त्यावर माझा हक्क नाही. शरीर रादोवानच्या शेजारी ठेवावं, डाव्या अंगाला, कारण जन्मभर मी त्याच अंगाला झोपले. दगडावर माझं नाव जन्मसालासकट कोरून तयार आहे, फक्त पुढचं साल रिकामं आहे. दर रविवारी चर्चमधून येताना मी त्यावरचं शेवाळ पुसते. स्वतःची कबर स्वतः झाडून काढणं मोठं समाधानाचं काम आहे. सगळ्यांनी करून बघावं.

अंगावर काळा लोकरी पोशाख, पण पायात दवाखान्याचे पांढरे बूट. काळे बूट चावतात, आणि पुढे किती चालायचं आहे ते मला कोणी सांगितलेलं नाही. सहकारी सोसायटीच्या अध्यक्षाने भाषण करू नये. पाद्रीबाबा मिलादिन ह्यांनी थडग्यापाशी गाताना वरच्या पट्टीत जाऊ नये. ती त्यांची पट्टी नाही, हे मी त्यांना दर ईस्टरला सांगत आले आहे. मेल्यानंतरच्या चाळीसाव्या दिवशी वाटायच्या शिजवलेल्या गव्हांत अक्रोड सढळ हाताने घालावेत. मेलेल्या माणसाच्या नावावर कंजूषपणा केलेला मला कधीच खपला नाही.

कलम २. माझी चामड्याची बॅग, काचेच्या सिरिंजा उकळायचा पत्र्याचा डबा आणि सायकल. सायकल आमच्या गावच्या शिक्षिकेला, कारण तीच एक अजून चालते. बॅग आणि डबा त्या सॉसेजवाल्या डॉक्टरला. त्यातल्या सुया आता कोणी वापरणार नाही, पण डबा टेबलावर दिसला की म्हातारी माणसं खरं बोलायला लागतात, हा माझा अनुभव आहे.

त्या बॅगेविषयी थोडं सांगितलं पाहिजे. मला आई नव्हती. मठात मावशी होती, तिने वाढवलं, प्रार्थना शिकवल्या, आणि मी जोगीण व्हायला निघाले तेव्हा तिनेच हाकलून दिलं. "तू फार बोलतेस," ती म्हणाली. "आजारी माणसांकडे जा, त्यांना पळून जाता येत नाही." म्हणून मी परिचारिका झाले आणि ह्या गावात आले. सोसायटीच्या दुकानावर एक खोली, तोच दवाखाना. ह्या गावातल्या बहुतेकांना मी जन्माच्या वेळी उलटं धरलंय आणि उरलेल्यांना टोचलंय. बर्फात बैलांच्या घसरगाडीवरून गेले आहे, पुरात माणसांच्या खांद्यावरून गेले आहे. वाटेत प्रार्थना म्हणायचे, म्हणजे पोचल्यावर सुई नेमकी बसायची.

तेव्हा राज्य देवाला न मानणाऱ्यांचं होतं. आमचे एक वरिष्ठ होते, त्यांचं नाव आता कशाला. एकदा म्हणाले, "कॉम्रेड पेर्सिदा, रविवारी तुम्ही भलत्या ठिकाणी दिसता असं कानावर आलंय." मी म्हटलं, "ज्याने मला तिथे पाहिलं, तो तिथे काय करत होता, विचारलंत का?" त्यानंतर तो विषय निघाला नाही. पुढे त्यांचंच पोर तापाने फणफणलं, तेव्हा त्यांची बायको मागच्या दाराने आली आणि तीर्थ आहे का म्हणून विचारायला लागली. मी सलाइनच्या बाटलीत भरून नेलं, वर लेबल लावलं, इंजेक्शनही दिलं. पोर वाचलं. कशाने वाचलं ते मी देवालाही विचारलं नाही आणि औषधाच्या कंपनीलाही नाही. त्यानंतर गावातल्या चांगल्या-चांगल्या कॉम्रेडांच्या घरी ती बाटली जायची.

कलम ३. बँकेत जे काही आहे ते माझ्या दफनाला आणि जेवणाला. उरलं तर चर्चच्या छपराला. उरणार नाही, पाद्रीबाबांनी आशा ठेवू नये.

कलम ४. पीठ मळायची लाकडी परात आणि प्रभूच्या नावाचा लाकडी शिक्का माझी मुलगी राय्ना हिला. दर शनिवारी चर्चसाठी पाव मी भाजत आले, शिक्का उमटवून. राय्ना पोस्टात नोकरीला आहे, तिला शिक्के मारायची सवय आहे, पण पीठ तिचं फुगत नाही. घाई करते. राय्ना, पीठ मळताना नावं घ्यायची. आधी गेलेल्यांची, मग असलेल्यांची, आणि शेवटी ज्यांचा राग आला असेल त्यांची. नावं संपेपर्यंत पीठ झालेलं असतं. माझं पीठ हल्ली फार चांगलं होतं, कारण शेवटची यादी वाढली आहे.

कलम ५. घर, मागची प्लमची बाग, दारू गाळायचं तांब्याचं भांडं आणि उरलेलं सगळं राय्ना आणि तिचा नवरा रात्को ह्या दोघांना, समाईक. त्यांना मूलबाळ नाही. हा विषय कोणी चाळीसाव्याच्या जेवणात काढू नये.

रात्को आमचा घरजावई. बानातकडचा, म्हणजे सपाट मुलखातला. विजेच्या तारा ओढायला आला आणि आमच्या खांबावर अर्ध्यात अडकून बसला, कारण त्याला उंचीची भीती वाटते. वायरमन आणि उंचीची भीती. रादोवान सुतार होता, त्याने शिडी लावली आणि बोलत बोलत त्याला खाली आणलं. खाली राय्ना पाण्याचा पेला घेऊन उभी होती, आणि तो पुन्हा परत गेलाच नाही.

घरजावयाला ह्या गावात काय ऐकावं लागतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गुत्त्यात त्याला विचारायचे, "काय रात्को, आज बायकोने किती वाजेपर्यंत सोडलंय?" तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "नऊ. पण सासूबाईंनी आठ म्हटलंय, त्यामुळे निघतो." मीही त्याला कमी बोलले नाही. दिसेल ती वस्तू हिरव्या रंगाने रंगवतो: फाटक, खुराडं, माझी काठी. पण रादोवान आजारी पडल्यावर त्याला रोज रात्री कुशीवर वळवणारा माणूस रात्को होता. मी वळवू शकले नसते, आणि ज्यांचं रक्त एक, ते तेव्हा शहरात होते.

कलम ६. संत लूकाची तसबीर, तिच्यापुढचा दिवा, आणि दर वर्षी ३१ ऑक्टोबरला ह्या घरात संताचा दिवस करण्याचा कुळाचार.

हे नीट वाचावं, कारण वाद इथेच होणार आहे.

आमच्यात प्रत्येक कुळाचा एक संत असतो, आणि तो बापाकडून मुलाकडे जातो. मुलगी लग्न होऊन नवऱ्याच्या संताकडे जाते, जशी मी आले. मला मुलगा झाला होता. त्याचं नाव लूकच ठेवलं होतं, आणि तो थोडेच दिवस होता. त्याच्याविषयी मी देवाशी बोलते, कागदाशी नाही. म्हणून रादोवान गेल्यावर गावाने हिशेब मांडला की हिच्यापाशी संत लूक आता पाहुणा आहे, ही गेली की संपलं. रादोवानचा पुतण्या द्रागोल्यूब दफनाच्या दिवशीच माझ्यापाशी येऊन बसला.

"काकू, तसबीर मी घेऊन जातो. तुम्ही आहात तोवर राहू दे हवी तर, पण नंतर माझीच. रक्त ते रक्त."

"रक्ताचं मला सांगू नकोस," मी म्हटलं. "तुमच्या अख्ख्या घराण्याचं रक्त मी काढलंय. त्यात लूक सापडला नाही, साखर सापडली."

"मग काय तो बानातवाला आपल्या संताच्या दिवशी यजमान म्हणून पाव फिरवणार?"

"तू कुठे लावणार आहेस तसबीर?"

"हॉलमध्ये. टीव्हीच्या वर."

मी त्याला शिजवलेल्या गव्हाची आणखी एक वाटी दिली, म्हणजे तोंड बंद राहील.

त्या वर्षीचा लूकाचा दिवस आला तेव्हा रात्कोने जे केलं ते लिहून ठेवते, कारण त्याच्यामागे त्याची बाजू कोणी सांगत नाही. आमच्याकडे संताच्या दिवसाला कोणी कोणाला बोलावत नाही. ज्याला यायचं तो येतो, आणि आपण यायचं आहे हे ज्याचं त्याला माहीत असतं. बोलावतात ते फक्त घर नवं असेल, संत नवा असेल तर. सपाटीकडे त्याच्या गावात मात्र घरोघर जाऊन बोलवायची रीत आहे. त्याला वाटलं, घरचा कर्ता गेला, लोक संकोचतील, येऊ की नको म्हणतील, तर आपण जावं. त्याने रादोवानचा कोट घातला, घरच्या प्लमच्या दारूची बाटली घेतली, दारोदार फिरला, प्रत्येकाला एक घोट दिला आणि टोपी काढून म्हणाला, "येत्या लूकाला आमच्याकडे यावं, ही विनंती." मी तेव्हा चर्चमध्ये पितळ घासत होते. मला कळलं तोवर तो शेवटच्या घरून परत येत होता, आनंदात.

गावाने काय समजायचं ते समजलं. म्हणजे जुना संत उठला, घरजावयाने स्वतःचा मांडला, आणि जन्मभर इथे जेवलेल्या माणसांना हा परक्यासारखं आमंत्रण देतो.

पलीकडच्या कुंपणावरची स्तामेंका. तिच्याएवढी जवळची मैत्रीण मला दुसरी नव्हती. तिचे दोन्ही मुलगे माझ्या हातांत जन्मले. ती दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबड्यांना दाणे टाकत होती आणि मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने त्यांच्याशी बोलत होती.

"ऐकलंत का गं पोरींनो, आपल्याला स्तानिशिचांच्या घराचा पत्ता सांगायला माणूस आला होता. पेर्साकडे आपण आजवर उगाचच शिरत होतो म्हणायचं. आता रीतसर बोलावणं आलंय. नवं घर, नवा मालक."

मी माझ्या कोंबड्यांना म्हटलं, "पोरींनो, माणसाने प्रेमाने बोलावलं तर कोणाला चावलं का?"

"पोरींनो, आमच्या रादोवानची माती अजून सुकली नाही."

"आमच्या म्हणजे कोणाच्या, विचारा बरं."

तेव्हापासून आम्ही कोंबड्यांमार्फतच बोलतो. चर्चमध्ये शेजारी-शेजारी उभ्या राहतो, एकाच मेणबत्तीवरून पेटवतो, आणि तोंडातून शब्द नाही.

तर लूकाचा दिवस उजाडला. मी आणि राय्नाने कोबीच्या पानांतला खिमा, भाजलेलं डुक्कर, अक्रोडाच्या वड्या, सगळं गावाला पुरेल एवढं केलं होतं. पाद्रीबाबा सकाळी आले, रात्कोबरोबर सणाचा पाव फिरवला, वर वाइन ओतली, कापला, आणि पुढच्या घरी गेले. त्या दिवशी यजमानाने बसायचं नसतं. पाहुण्यांना वाढायचं, पेले भरायचे, दिवसभर उभं राहायचं. रात्को मेणबत्तीपाशी खिडकीजवळ उभा राहिला, खांद्यावर टॉवेल टाकून.

कोणी आलं नाही.

एकही माणूस आला नाही. मी खिडकीतून बघत होते. माणसं रस्त्याने जात होती, पण आमच्या फाटकापाशी आली की पलीकडची बाजू धरत होती. ज्यांची ढुंगणं मी टोचली, ज्यांच्या आया माझ्या हातांत गेल्या, ती माणसं. राय्ना स्वयंपाकघरात रडत होती. दुपार झाली तेव्हा मी म्हटलं, "रात्को, बस की रे. कोणी नाहीये."

"आई, आज यजमानानं बसायचं नसतं."

"पाहुणे असले तर."

"दार उघडं आहे ना," तो म्हणाला. "म्हणजे कोणीही येऊ शकतं."

तो बसला नाही. काही खाल्लंही नाही. अंधार पडला, मेणबत्ती तळाशी आली, तेव्हा त्याने ती वाइनने विझवली, जशी रादोवान विझवायचा, आणि मग पायरीवर बसला. बूट निघेनात, पाय सुजले होते. मी घमेल्यात गरम पाणी आणि मीठ घेतलं आणि त्याचे पाय धुतले. तो 'नको, आई, नको' म्हणत होता. मी म्हटलं, "गप बस, मी परिचारिका आहे." पण मी परिचारिका म्हणून धूत नव्हते. मला मुलगा असता तर तो ह्याहून चांगला यजमान झाला नसता, हे मला त्या घमेल्यापाशी कळलं.

पुढच्या वर्षांत काहीजण परत यायला लागले. पण येतात ते माझ्यासाठी. माझ्या हाताला हात लावतात, रादोवानच्या नावाने पेला उचलतात, आणि रात्को वाढायला आला की ताटाकडे बघतात. यजमानाच्या नावाने पेला उचलायचा असतो, तो आजवर कोणी उचललेला नाही. मी गेले की हे येणंही थांबेल. रात्को पुन्हा एकटा खिडकीपाशी उभा राहील. मरणाची मला भीती नाही, हे एकच मला खुपतं.

म्हणून लिहून ठेवते. संत लूकाची तसबीर, दिवा आणि कुळाचार माझा जावई रात्को ह्याला, पूर्ण हक्काने. ह्या घराचा यजमान तो. पाद्रीबाबांना मी विचारलं, तेव्हा ते दाढी खाजवत म्हणाले, "रीत तशी मुलाचीच आहे, पेर्सिदा. पण संत मेणबत्ती लावणाऱ्याकडे येतो, आडनावाकडे नाही." हे वाक्य त्यांनी सगळ्यांसमोर म्हणावं, हळू आवाजात माझ्यापाशी नाही. रात्कोला स्वतःचा संत आहे. त्याचा भाऊ तिकडे करतो आणि हा दर जानेवारीत बस पकडून जातो. आमच्या संतासाठी तो काही अडून बसलेला नव्हता. त्याने लूकाला सांभाळलं ते आमच्यासाठी. राय्ना-रात्कोच्या मागे कोण, असं द्रागोल्यूब विचारेल. ते संत लूक बघेल. तो स्वतः वैद्य होता, रोग्याला टाकून जायची सवय त्याला नाही.

आणि रात्को, तुला एकच अट. कोणाला बोलावू नकोस. कधीही.

कलम ७. द्रागोल्यूबला काही नाही. तसबिरीखालचा खिळासुद्धा नाही.

कलम ८. स्तामेंकाला काही नाही. तिला काय द्यावं ह्याचा मी पुष्कळ विचार केला. पीठ मळताना तिचं नाव रोज घेते, तेवढं पुरे.

इथे मृत्युपत्र संपायला हवं होतं. पण नोटरीबाई म्हणाल्या, ज्याला ह्या कागदाने काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही. आता मी वेगळ्या पानावर जवळजवळ प्रत्येक घराला काहीतरी ठेवलेलं आहे: कोणाला रजई, कोणाला मुरंब्याच्या बरण्या, घंटा वाजवणाऱ्याला रादोवानची टोपी. ज्याला मी काहीच ठेवलेलं नाही असा लिहिता-वाचता येणारा माणूस शोधायचा म्हणजे पंचाईत. गुरांचे डॉक्टर ओग्न्येन वसंतातच बदलून आलेत, त्यांची माझी ओळख गायीपुरती, ते एक सापडले. दुसरा द्रागोल्यूब, पण तो सही करून पेन खिशात घालून जाईल. राहिली स्तामेंका.

मी कुंपणापाशी गेले आणि कोंबड्यांना म्हटलं, "पोरींनो, ज्या बाईला माझ्याकडून काहीही मिळणार नाही अशा बाईची सही हवी आहे."

पलीकडून आवाज आला, "बघा पोरींनो, शेवटी अडलं ना." आणि ती चष्मा घेऊन आली. फाटक तिने स्वतः उघडलं, इतक्या वर्षांनी, आणि कडी अजून तशीच अडकते म्हणून कुरकुरली.

पुढचं मी साक्षीदार समोर बसलेले असताना लिहिते आहे. मी तळाशी आधीच सही केली, आणि तिच्याखाली ओग्न्येन डॉक्टरांनी न वाचता सही केली. कळप त्यांची वाट बघत होता. स्तामेंका म्हणाली, "न वाचता मी कशावर सही करत नाही," आणि पहिल्या पानापासून सुरू केलं. अक्रोडांच्या ओळीला नाक उडवलं. बाटलीतल्या तीर्थाला हसली, कारण एकदा ती तिच्याही घरी गेली होती. कलम सहाला आली तेव्हा बोट ओळीखाली ठेवून वाचायला लागली, आणि बोट हळूहळू पुढे सरकेनासं झालं.

"दिवसभर उभा होता?" तिने विचारलं. मला विचारलं, कोंबड्यांना नाही.

"मेणबत्ती संपेपर्यंत."

तिने ओळीखालचं बोट उचललं. मग म्हणाली, "मला माझ्या खिडकीतून दिसत होता गं. खांद्यावर टॉवेल टाकून खिडकीत उभा. मला वाटलं, बघा, मालक झाल्याचं गावाला दाखवायला मुद्दाम उभा राहिलाय. घर भरलं असेल, माझ्यावाचून कोणाचं अडलं नाही, असं वाटलं."

"घर रिकामं होतं."

"ते आता वाचलं ना मी."

तेवढ्यात रात्को कॉफी घेऊन आला. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि त्याच्याकडे वर बघून म्हणाली, "यंदा लूक शुक्रवारी येतोय."

"हो, मावशी."

"म्हणजे उपासाचा वार, मटण-बिटण नाही. मासे लागतील. कुठून आणणार?"

"वाल्येवोहून. गोठलेले मिळतात तिथे."

"गोठलेले," स्तामेंका म्हणाली. "लूकाला गोठलेले मासे. पेर्सा, हे तू चालवून घेतेस?"

"मला काय विचारतेस. मी ह्या घरची यजमान नाही."

"मी कुठे विचारतेय कोणाला. माझा धाकटा नदीवर जातो, तो कार्प आणेल, ताजे. तळायला पहाटे बसावं लागतं. ह्याला तळता येतात का?"

"नाही येत," रात्को म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला पुढचं कळून चुकलं. त्याने तोंड उघडलं, "स्तामेंकामावशी, मग तुम्ही नक्की—"

मी माझी हिरवी काठी त्याच्या पायावर ठेवली आणि भार दिला. स्तामेंकाने खाली बघितलं नाही. तिने पेन मागितलं.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिले, वाचून पाहिले, आणि खाडाखोड न करता पूर्ण केले. देव सगळ्यांचे भले करो. द्रागोल्यूबचेही, पण त्याची घाई नाही.

ठिकाण: गोर्न्या ल्येस्का, स्वयंपाकघर.
दिनांक: २७ सप्टेंबर २०२५, पवित्र क्रूसाचा सण.

सही: पेर्सिदा स्तानिशिच

साक्षीदार पहिला: ओग्न्येन मार्यानोविच, गुरांचे डॉक्टर. मृत्युपत्र करणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरी: स्तामेंका पेत्कोविच, शेजारीण. मला ह्यातून काही मिळत नाही. सगळे वाचले, समजले, आणि ह्या घराचे यजमान रात्को ह्यांच्या टेबलावर बसून सही केली.